गट, खातेदार आणि त्यांना जोडणारी नोंद
वेबप्रणालीतील जोड-संबंधांची रचना : एक अभ्यास

हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील डोंगरकडा हे गाव नांदेडहून हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या पट्ट्यात आहे. केळी, हळद आणि ऊस ही या परिसरातील परिचित पिके. येथील शेतकऱ्यास पीककर्ज घ्यावयाचे असो, जमिनीचा व्यवहार करावयाचा असो वा वारसनोंद लावावयाची असो, त्याला दोन उताऱ्यांची गरज पडते. एक सातबारा आणि दुसरा आठ-अ. सातबारा हा गटाचा उतारा आहे; त्या एका गटात कोणाकोणाचा हक्क आहे, हे त्यावरून कळते. आठ-अ हा खात्याचा उतारा आहे. एका खातेदाराच्या नावे गावात कोणकोणते गट आहेत, हे त्यावरून कळते.

हे उतारे दीर्घकाळ कागदावर लिहिले गेले. आता ते संगणकावर आले आहेत. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा संकेतस्थळावरून मिळू लागला आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीद्वारे शेतकरी आपल्या पिकाची नोंद स्वतःच्या मोबाईलवरून करू लागले. शासनाच्या अनेक खात्यांत अशा वेबप्रणाली तयार होत आहेत. त्या तयार करण्याचे काम तंत्रज्ञांचे असले, तरी कोणती माहिती कशी मांडावी, हे सांगण्याची जबाबदारी अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्यावरही येते. म्हणून या रचनेतील एक मूलभूत प्रश्न समजून घेणे अगत्याचे आहे. तो प्रश्न असा : दोन गोष्टींमधील संबंध संगणकात कोठे ठेवावयाचा?

या लेखात डोंगरकड्याच्या संदर्भात घेतलेले गट, खातेदार व क्रमांक केवळ उदाहरणादाखल आहेत आणि मांडलेली रचना अभ्यासासाठी आहे. प्रत्यक्षात एका खात्यावर अनेक नावे असू शकतात. विवेचन सोपे राहावे म्हणून येथे खातेदार म्हणजे एक व्यक्ती असे मानले आहे.

अनेकांचा अनेकांशी संबंध

एका गटाचे अनेक धारक असतात आणि एका धारकाचे अनेक गट असतात. अशा संबंधास अनेकास-अनेक संबंध म्हणतात. तो ना गटाच्या नोंदीत पूर्णपणे मावतो, ना खातेदाराच्या नोंदीत. गटाच्या पानावर सर्व नावे लिहिली, तर एका व्यक्तीची सर्व जमीन शोधण्यासाठी गावातील प्रत्येक पान उलटावे लागते. व्यक्तीच्या पानावर सर्व गट लिहिले, तर एका गटाचे धारक शोधण्यासाठी तीच अडचण उलट बाजूने येते. दोन्हीकडे लिहिले, तर एकीकडे दुरुस्ती होते आणि दुसरीकडे राहून जाते. सातबारा आणि आठ-अ यांचा मेळ बसत नाही, ही तक्रार ज्यांनी हाताळली आहे, त्यांना या अडचणीची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही.

एडगर कॉड या संशोधकाने १९७० साली माहिती परस्परसंबद्ध तक्त्यांत मांडण्याची पद्धत सुचविली. त्या पद्धतीत या अडचणीचे उत्तर आहे. गटांचा एक तक्ता, खातेदारांचा दुसरा आणि या दोहोंना जोडणाऱ्या नोंदींचा तिसरा. या तिसऱ्या तक्त्यास जोड-तक्ता म्हणता येईल. त्यातील प्रत्येक ओळ एवढेच सांगते की, अमुक खातेदार अमुक गटाचा अमुक हिश्श्याने धारक आहे. सातबारा आणि आठ-अ ही मग या एकाच तक्त्याची दोन दर्शने ठरतात. नोंद एक, पाहण्याच्या दिशा दोन.

रेस्ट पद्धतीचा परिचय

माहितीच्या साठ्यात जोड-तक्ता केला, म्हणजे काम संपत नाही. त्या साठ्याशी मोबाईल, बँकेचा संगणक, सेतू केंद्र किंवा दुसऱ्या खात्याची प्रणाली यांना महाजालावरून बोलावे लागते. हे बोलणे कसे असावे, याविषयी रॉय फील्डिंग यांनी २००० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील शाखेत सादर केलेल्या प्रबंधात एक शैली मांडली. तिचे नाव रेप्रेझेंटेशनल स्टेट ट्रान्स्फर, संक्षेपाने रेस्ट.

या शैलीचा गाभा थोडक्यात असा. ज्या ज्या गोष्टीचा स्वतंत्रपणे निर्देश करावयाचा, ती प्रत्येक गोष्ट म्हणजे एक संसाधन. प्रत्येक संसाधनास स्वतःचा पत्ता असतो. त्या पत्त्यावर करावयाच्या क्रिया मात्र मोजक्या आणि सर्वत्र सारख्या असतात. गेट म्हणजे वाचणे. पोस्ट म्हणजे नवीन नोंद सादर करणे. पुट म्हणजे त्या पत्त्यावरील नोंद दिलेल्या रूपात ठेवणे. पॅच म्हणजे अंशतः दुरुस्ती आणि डिलीट म्हणजे काढून टाकणे. उत्तरासोबत एक क्रमांक येतो : २०० म्हणजे ठीक, २०१ म्हणजे नवीन नोंद झाली, ४०४ म्हणजे सापडले नाही, ४०९ म्हणजे सध्याच्या नोंदीशी विसंगती.

क्रिया मोजक्या असल्याने सर्व भार नामांवर पडतो. कोणती नामे निवडली, यावर प्रणाली चांगली की वाईट, हे ठरते. गट आणि खातेदार ही नामे सहज सुचतात. जोडणारी नोंद मात्र दिसत नाही, म्हणून ती निसटते.

‘व इतर’ची किंमत

ही नोंद निसटल्यास काय घडते, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. डोंगरकड्यातील गट क्रमांक २१४ चे क्षेत्र १ हेक्टर २० आर आहे, असे समजू. धारकाचे निधन झाले. ही त्याची स्वकष्टार्जित जमीन होती, मृत्युपत्र नव्हते आणि मागे पत्नी, एक मुलगा व एक विवाहित मुलगी असे तीन वारस आहेत. हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे तिघांचा हिस्सा समान, म्हणजे प्रत्येकी १/३ आहे.

प्रणालीत गटाच्या संसाधनाला ‘धारकाचे नाव’ असा एकच रकाना दिलेला असेल, तर तेथे मुलाचे नाव आणि पुढे ‘व इतर २’ असे लिहिले जाते. कागदावरही हे घडत असे. पण कागदावर मागील फेरफार पाहून ‘इतर’ कोण, हे शोधता येई. संगणकात या दोन शब्दांना पत्ता नसतो. आई आपल्या नावे आठ-अ मागते, तर उत्तर येते ४०४. नांदेडला सासरी असलेली मुलगी पीककर्जासाठी अर्ज करते, तर बँकेच्या संगणकाला तिचा गटाशी असलेला संबंध सापडतच नाही. कायद्याने दिलेला हक्क कोणी नाकारलेला नसतो; केवळ त्याला प्रणालीत जागा दिलेली नसते.

राज्यात १९९२ मध्ये लक्ष्मी मुक्ती योजनेद्वारे पत्नीचे नाव सहधारक म्हणून लावण्यास चालना देण्यात आली. २००५ च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीस मुलाप्रमाणे जन्मतः हक्क मिळाला. असे हक्क प्रत्यक्षात येण्याचे ठिकाण म्हणजे हीच जोडणारी नोंद होय.

संबंधाला नाव आणि पत्ता

यावरील उपाय सरळ आहे. ज्या संबंधाला स्वतःची काही माहिती आहे, त्याला स्वतंत्र संसाधन मानावे. येथे त्या संबंधाला हिस्सा आहे, प्रारंभाचा दिनांक आहे, तो कोणत्या फेरफाराने निर्माण झाला त्याचा क्रमांक आहे. ही माहिती गटाची नव्हे आणि खातेदाराचीही नव्हे. ती दोहोंमधील संबंधाची आहे.

नाव निवडताना ‘गट-खातेदार’ असे दोन तक्त्यांची नावे जोडून केलेले नाव टाळावे. कार्यालयात आणि व्यवहारात रुळलेला शब्द मिळतो का, हे पाहावे. ‘हिस्सा’ हा शब्द जवळचा आहे. परंतु तो पोटहिश्श्याच्या क्रमांकासाठीही वापरला जातो, त्यामुळे घोटाळा संभवतो. म्हणून येथे ‘धारणा’ हा शब्द घेतला आहे. रचना अशी होते :

गेट /गट/२१४ : गटाचे क्षेत्र, आकार व इतर माहिती.
गेट /खातेदार/५७ : खातेदाराची माहिती.
गेट /धारणा/९०३१ : एक विशिष्ट धारणा, तिचा हिस्सा, दिनांक व फेरफार क्रमांक.
गेट /गट/२१४/धारणा : या गटातील सर्व धारणा. सातबाराचे दर्शन.
गेट /खातेदार/५७/धारणा : या खातेदाराच्या सर्व धारणा. आठ-अ चे दर्शन.

शेवटचे दोन पत्ते याद्यांचे आहेत. यादी कोणत्याही बाजूने मागितली, तरी तीत येणाऱ्या प्रत्येक धारणेचा मूळ पत्ता एकच राहतो. दोन दर्शने देणे योग्य. दोन मूळ प्रती ठेवणे अयोग्य.

जोडीचा क्रमांक पुरेसा का नाही?

धारणेला वेगळा क्रमांक कशाला, गट २१४ आणि खातेदार ५७ ही जोडी हीच ओळख पुरे नाही का, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. जमिनीच्या बाबतीत तो पुरेसा ठरत नाही. एकाच व्यक्तीस एकाच गटात काही हिस्सा वारसाने आणि काही खरेदीने मिळालेला असू शकतो. कोणी २००५ मध्ये जमीन विकून २०१५ मध्ये तीच परत घेतली, असेही घडते. जोडी तीच असते. संबंध मात्र दोन असतात आणि त्यांचे दिनांक व आधार भिन्न असतात. म्हणून धारणेला स्वतःचा क्रमांक द्यावा.

हिस्सा नोंदविण्याची रीतही महत्त्वाची आहे. १/३ हा हिस्सा ०.३३ असा दशांशात लिहिला, तर १ हेक्टर २० आर क्षेत्रात प्रत्येकाच्या वाट्याला ४० ऐवजी ३९.६ आर येतात. तिघांचे मिळून ११८.८ आर होतात आणि १.२ आर, म्हणजे १२० चौरस मीटर जमीन कोणाचीच राहत नाही. हे क्षेत्र एका गुंठ्याहून अधिक आहे. म्हणून अंश आणि छेद असे दोन रकाने ठेवून हिस्सा अपूर्णांकातच नोंदवावा.

फेरफार हेही संसाधन

आता बदलाचा विचार करू. वारसनोंदीत मयताची एक धारणा संपते आणि तीन नव्या धारणा सुरू होतात. हे चार बदल चार वेगळ्या विनंत्यांनी केले आणि दुसऱ्या विनंतीनंतर जोडणी तुटली, तर काय होईल? मयताचे नाव गेलेले असेल, मुलाचे लागलेले असेल आणि आई व मुलगी यांची नावे राहिलेली असतील. गटातील हिश्श्यांची बेरीज १ ऐवजी १/३ भरेल.

याचे उत्तर महसुली व्यवहारात पूर्वीपासून आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे हक्क संपादन करणाऱ्याने तीन महिन्यांच्या आत त्याची खबर द्यावयाची असते. कलम १५० प्रमाणे ती फेरफार नोंदवहीत घेतली जाते, हितसंबंधितांना नोटीस दिली जाते, हरकत आल्यास ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते आणि शेवटी नोंद प्रमाणित होते. सातबाऱ्यावरील नाव कोणी थेट बदलत नाही. प्रमाणित झालेला फेरफार ते बदलतो.

वेबप्रणालीतही हेच तत्त्व ठेवावे. धारणा केवळ वाचता यावी. तिच्यावर थेट पुट किंवा डिलीट करू पाहिल्यास ४०५, म्हणजे ही क्रिया येथे अनुज्ञेय नाही, असे उत्तर मिळावे. बदलाचा मार्ग एकच :

पोस्ट /फेरफार : संपणाऱ्या व नव्या सर्व धारणांसह एकत्रित नोंद.
पोस्ट /फेरफार/४८२/हरकती : हितसंबंधिताची हरकत.
पोस्ट /फेरफार/४८२/प्रमाणन : सक्षम अधिकाऱ्याची मान्यता.

प्रमाणनाच्या वेळी प्रणाली दोन गोष्टी तपासते. हिश्श्यांची बेरीज १ भरते का आणि जी धारणा संपवावयाची ती अद्याप चालू आहे का. एकही अट न जुळल्यास ४०९ हे उत्तर येते आणि काहीच बदलत नाही. सर्व जुळल्यास चारही बदल एकदम अमलात येतात. दोन कार्यालयांतून एकाच नोंदीवर काम सुरू असल्यास, आपण पाहिलेली आवृत्ती अजून तीच आहे का, हे पडताळण्याची सोय एचटीटीपीच्या नियमांत आहे. आवृत्ती बदललेली असल्यास ४१२ हे उत्तर मिळते.

ग्रामीण भागात आणखी एक अडचण येते. संपर्क खंडित होतो, उत्तर येत नाही आणि कर्मचारी कळ पुन्हा दाबतो. पोस्ट दोनदा गेल्यास दोन फेरफार उभे राहतात. त्यामुळे प्रत्येक अर्जाला कर्मचाऱ्याच्या यंत्रावरच एक एकमेव क्रमांक द्यावा आणि त्याच क्रमांकाची विनंती पुन्हा आल्यास प्रणालीने नवीन नोंद न करता पहिल्याच नोंदीचा पत्ता परत द्यावा.

पुसणे नव्हे, कंस करणे

हस्तलिखित सातबाऱ्यावर हक्क संपलेल्या धारकाचे नाव खोडून नष्ट करीत नसत. त्या नावाला कंस केला जाई आणि नव्या नावापाशी फेरफार क्रमांक लिहिला जाई. त्या कंसामुळे तीस वर्षांनंतरही हक्काची साखळी मागे नेता येत असे.

संगणकात डिलीट ही क्रिया सोपी असल्याने हा विवेक सुटण्याचा धोका आहे. त्यातही एक मोठा धोका लपलेला असतो. खातेदाराची नोंद काढली की तिच्याशी जोडलेल्या सर्व नोंदी आपोआप काढाव्यात, अशी व्यवस्था अनेक प्रणालींत करता येते. मयत खातेदाराबाबत ती लागू झाली, तर वारसनोंद होण्याआधीच त्याच्या सर्व धारणा नाहीशा होतील. म्हणून धारणेला अंतिम दिनांकाचा रकाना ठेवावा. धारणा संपली, म्हणजे तो रकाना भरला. नोंद मात्र राहिली. हाच संगणकातील कंस. मग ‘/गट/२१४/धारणा?दिनांक=२०१०-०४-०१’ अशी विचारणा करून त्या दिवशी धारक कोण होते, हेही सांगता येते.

संबंधाला जोडलेल्या पुढील नोंदी

संबंध हे संसाधन झाले की त्याला पुढील नोंदी जोडता येतात. ई-पीक पाहणीत शेतकरी आपले खाते आणि गट दोन्ही निवडून पिकाची नोंद करतो. एकाच गटात आईने हळद आणि मुलाने केळी लावलेली असेल, तर पीक केवळ गटाला जोडल्यास कोणाची हळद, हे कळणार नाही. केवळ खातेदाराला जोडल्यास ती कोणत्या जमिनीत, हे कळणार नाही. ती नोंद धारणेलाच जोडली पाहिजे. अतिवृष्टीनंतर मदतीची यादी करताना हा फरक रुपयांत मोजला जातो.

वाचणाऱ्याची सोय पाहणेही आवश्यक आहे. सातबारा दाखविण्यासाठी आधी धारणांची यादी आणि मग प्रत्येक खातेदाराची वेगळी विनंती असे करावे लागल्यास, मंद जोडणीवर उतारा उघडण्यास फार वेळ लागतो. म्हणून यादीतील प्रत्येक धारणेसोबत खातेदाराचे नाव आणि त्याच्या संसाधनाचा पत्ता द्यावा. मोबाईल क्रमांकासारखी खासगी माहिती मात्र त्या यादीत न घालता खातेदाराच्या संसाधनात, अधिकृत व्यक्तीलाच दिसेल अशी ठेवावी.

इतर क्षेत्रांतील जोड-नोंदी

हे तत्त्व केवळ जमिनीपुरते नाही. विद्यार्थी आणि शाळा यांना जोडणारी नोंद म्हणजे प्रवेश. जनरल रजिस्टरमधील प्रवेशाचा दिनांक, इयत्ता आणि शाळा सोडल्याचे कारण ही त्या प्रवेशाची माहिती होय. विद्यार्थ्याच्या नोंदीत केवळ ‘शाळा’ असा रकाना ठेवला, तर ऊसतोडीच्या हंगामात गाव सोडून परत आलेल्या मुलाचा मागील प्रवेश पुसला जाईल. महाराष्ट्रात १९७२ मध्ये सुरू झालेल्या रोजगार हमी योजनेच्या कामावरील हजेरीपत्रक हे मजूर आणि काम यांना जोडणारेच पत्रक होते. दिवस आणि मजुरी यांची नोंद त्यातच होत असे.

प्रत्येक जोडीला मात्र एवढी व्यवस्था लागत नाही. एखाद्या गावातील सूचना कोणत्या वॉर्डांना पाठवावयाची, एवढेच ठरवावयाचे असेल, तर ती जोड असते किंवा नसते. तिला स्वतःची माहिती नसते. तेथे ‘/सूचना/१२/वॉर्ड/३’ या पत्त्यावर पुट केल्यास जोडणी होते आणि डिलीट केल्यास ती सुटते. पुट दोनदा झाले तरी परिणाम तोच राहतो. उद्या त्या जोडीला दिनांक, कारण किंवा मंजुरी लागणार असेल, तर मात्र तिला आजच स्वतंत्र नाव देणे हिताचे.

पाहणीच्या वेळी विचारावयाचे प्रश्न

नवी प्रणाली पाहण्यासाठी समोर आली असता, तंत्रज्ञ नसलेल्या व्यक्तीसही पुढील प्रश्न विचारता येतील. या दोन गोष्टींमधील संबंधाला स्वतःची माहिती आहे का? असल्यास त्याला नाव व पत्ता दिला आहे का? दोन्ही बाजूंनी विचारल्यास एकच नोंद दिसते का? एकत्र व्हावयाचे बदल अर्धवट राहू शकतात का? संपलेला संबंध पुसला जातो की दिनांकासह राहतो? आणि ज्यांची नावे ‘व इतर’ मध्ये जात होती, त्या प्रत्येकाला आता स्वतःची ओळ मिळाली आहे का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तपासणे कठीण नाही. डोंगरकड्यासारख्या कोणत्याही गावातील एका वारसनोंदीचा सातबारा घ्यावा आणि त्यातील प्रत्येक वारसाच्या नावाने आठ-अ काढून पाहावा. आईच्या आणि मुलीच्या नावे तोच गट, तोच हिस्सा आणि तोच फेरफार क्रमांक आला, तर रचना बरोबर आहे, असे समजावे.